घोडेस्वाराच्या कंबरेवर कोणाचे हात: पुण्यातील उपचारांचे एक परीक्षण

पाठ आणि कंबर हातांनी बरी करून देणाऱ्यांची पुण्यात वानवा नाही. फिजिओथेरपिस्ट, ऑस्टिओपॅथ, कायरोप्रॅक्टर, पंचकर्म केंद्रे, तालमीत वाढलेले मालिशवाले आणि पिढीजात हाडवैद्य हे सारे एकाच शहरात आहेत, आणि आमच्या पागेत येणाऱ्या प्रौढ स्वारांपैकी प्रत्येकाची यांतल्या कोणा एकावर अशी निष्ठा असते की दुसऱ्याचे नाव काढलेले त्याला खपत नाही. आठवडाभर खुर्चीत बसून काम करणारी, शनिवार-रविवारी पहाटे घोड्यावर बसणारी आणि चाळिशी ओलांडलेली स्वार म्हणून मी गेल्या काही वर्षांत यांपैकी बहुतेकांचे उपचार घेतले. केंद्रांची नावे मुद्दामच देत नाही, कारण दोन पद्धतींमध्ये असतो त्याहून मोठा फरक मी एकाच फलकाखाली काम करणाऱ्या दोन उपचारकांमध्ये पाहिला आहे. निकष मात्र एकच ठेवला: उपचारानंतरच्या आठवड्यात घोड्यावरची माझी बैठक सुधारली का आणि दुडकी चालीत (ट्रॉटमध्ये) दुखणे कमी झाले का. टेबलावरून उठताना हलके वाटणे मी जमेस धरलेले नाही. चांगल्या मालिशनंतर तसे कोणालाही वाटते.

स्वाराची कंबर कशाने दुखते हे उपचारकाला ठाऊक नसेल, तर त्याचे हात कितीही कुशल असले तरी भलत्याच जागी पडतात, म्हणून हा भाग थोडा सविस्तर लिहिते. चालत्या घोड्याची पाठ स्वाराची श्रोणी, म्हणजे कंबरेखालचे हाडांचे कडे, पुढे-मागे, वर-खाली आणि दोन्ही कुशींकडे हलवत असते. दुडकीत घोड्याचे पाय कर्णरेषेतल्या जोड्यांनी, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा असे एकत्र पडतात, त्यामुळे प्रत्येक आवर्तनात खालून दोन धक्के येतात; ते जिरवण्याचे काम खुब्यांचे सांधे आणि त्यांच्यावर डोलणारी श्रोणी यांनी करायचे असते. दिवसभर बसून ज्यांच्या खुब्याच्या पुढच्या बाजूचे स्नायू आखडलेले असतात त्यांची श्रोणी पुरेशी मागे वळत नाही, पोट पुढे आणि कंबर पोकळ अशी बैठक होते, आणि खुब्याने करायचे काम कंबरेचे खालचे मणके करू लागतात. त्यात आपण घोड्यावर नेहमी डावीकडूनच चढतो. चढायला ओटा नसेल तर डावा पाय रिकिबीत, सारे वजन एका बाजूला आणि धड पिळलेले, अशी कसरत प्रत्येक स्वारीच्या आरंभी होते. लांब रपेटीत दुडकीला खोगिरावरून उठबस करताना घोड्याच्या पायांच्या एकाच जोडीवर उठत राहण्याची सवय अनेकांना असते. रिंगणात उस्ताद जोडी बदलायला लावतात, माळरानावर कोणी सांगत नाही आणि कंबरेचा एकच भाग थकत राहतो.

आपल्याकडच्या परिस्थितीचाही यात वाटा आहे. शिकवणीच्या पागांमधले पुष्कळ घोडे शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड असतात, आणि ताज्या थरोब्रेडची दुडकी नवशिक्याला सहज बसू देत नाही. खोगीर बहुधा पागेचे असते. सतरा इंची बैठकीच्या एकाच खोगिरावर लहान चणीची मुलगीही बसते आणि धिप्पाड गृहस्थही बसतात. घोडदळात किंवा सैन्याच्या अश्वशाळांत आयुष्य घालवलेल्या उस्तादांची शिकवण पक्की असते, पण रिकीब सोडून दुडकी बसवण्याची त्यांची शिस्त विशीतल्या जवानाला जितकी मानवते तितकी आखडलेल्या खुब्याच्या पंचेचाळीस वर्षांच्या हिशेबनिसाला मानवत नाही. दुखू लागले की मणक्यांमधली चकती सरकली असेल या धास्तीने बरेच जण आधी एमआरआय काढून घेतात. कसलेल्या स्वारांच्या कंबरेचे एमआरआय स्वारी न करणाऱ्यांशी ताडून पाहणारा एक जर्मन अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात स्वारांमध्ये कंबरदुखीचे प्रमाण पुष्कळ अधिक होते, परंतु चकत्यांची झीज त्या प्रमाणात अधिक आढळली नाही. दुखणे खरे आहे, पण त्याचे मूळ बहुतेक वेळा चित्रात दिसत नाही, आणि म्हणूनच हातांनी तपासणाऱ्याचे महत्त्व वाढते.

काही प्रसंगी मात्र यांपैकी कोणाकडेच जाऊ नये, थेट डॉक्टरकडे जावे. घोड्यावरून पडल्यानंतर सुरू झालेली तीव्र वेदना, हाडे ठिसूळ असल्याचे निदान किंवा दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स, दुखण्याबरोबर ताप किंवा अकारण घटणारे वजन, पायातली वाढती अशक्तता ही अशी लक्षणे आहेत. सर्वांत तातडीचे लक्षण म्हणजे लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे आणि जांघांच्या आतला व बैठकीचा भाग बधिर होणे. नेमका हाच भाग खोगिराला टेकतो, त्यामुळे स्वार ती बधिरता लांब रपेटीच्या माथी मारून मोकळा होतो. ती घोड्यावरून उतरल्यावर लवकर ओसरत नसेल, तर त्याच दिवशी, वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

आता प्रत्यक्ष उपचारांकडे वळते. फिजिओथेरपीचे मला दोन अगदी वेगळे अनुभव आले. पहिल्या केंद्रात पडदे लावलेल्या खाटांची रांग होती. खाटेवर पालथे झोपवून कंबरेला विजेच्या पट्ट्या चिकटवल्या जात, नंतर जेल लावून अल्ट्रासाउंडची मूठ फिरवली जाई, कधी कंबरेला पट्टा बांधून ट्रॅक्शन, म्हणजे ओढ, दिले जाई, आणि निघताना झेरॉक्सचा एक कागद हाती पडे ज्यावर सर्व रुग्णांना सारखेच व्यायाम छापलेले होते. माणसाचा हात पाठीला लागला तो पट्ट्या चिकटवण्यापुरताच. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये प्रौढांच्या जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत व्यायाम, मणक्यांवरील हस्तोपचार आणि मालिश यांना पसंती आहे, तर अल्ट्रासाउंड, टेन्स (विजेच्या पट्ट्या), ट्रॅक्शन आणि कंबरेचे पट्टे नेहमीच्या उपचारात वापरू नयेत असे म्हटले आहे. म्हणजे आपल्याकडच्या अनेक केंद्रांत ज्यावर शुल्क आकारले जाते त्यातला मोठा भाग या दुसऱ्या यादीतला आहे. जाकिटाखाली पट्टा आवळून स्वारीला येणाऱ्या मंडळींनी ही यादी विशेष लक्षपूर्वक वाचावी.

दुसऱ्या ठिकाणी भेटलेल्या फिजिओथेरपिस्ट बाई मस्क्युलोस्केलेटल, म्हणजे स्नायू-हाडांच्या, विषयात एमपीटी ही पदव्युत्तर पदवी घेतलेल्या होत्या, आणि त्यांनी पहिला अर्धा तास यंत्र सोडाच, हातही लावला नाही. कोणत्या चालीत दुखते, घोड्यावर चढताना की उतरल्यावर, रिकिबीचा पट्टा किती लांब ठेवता, दोन्ही रिकिबींवर सारखे वजन पडते का, हे सारे त्यांनी विचारून घेतले. नंतर एका जाड लोडावर दोन्ही बाजूंना पाय सोडून मला स्वारीत बसते तशी बसवले आणि श्रोणी पुढे-मागे वळवायला सांगितली. कंबरेपेक्षा डावा खुबा अधिक आखडलेला आहे, हे त्या लोडावर काही मिनिटांत दिसले. त्यांनी वापरलेली तंत्रे फिजिओथेरपीत सर्वमान्य आहेत: ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलँड यांच्या पद्धतीने मणक्यांवर कमी-अधिक जोराचे लयबद्ध दाब, आणि न्यूझीलंडच्या ब्रायन मुलिगन यांच्या पद्धतीने, एक रुंद पट्टा लावून खुब्याचा सांधा किंचित ओढून धरत रुग्णालाच हालचाल करायला लावणे. हाताचे काम वीस मिनिटांत संपले. उरलेला वेळ त्यांनी व्यायामावर घालवला, आणि ते व्यायाम मोजके होते: खुब्याच्या पुढच्या स्नायूंचा ताण, नितंबाच्या बाजूच्या स्नायूंची ताकद, आणि श्वास न रोखता पोटाचे खोल स्नायू आवळून धरण्याचा सराव. हा शेवटचा प्रकार स्वाराला सर्वांत कठीण जातो, कारण दुडकी सुरू झाली की आपण श्वास हमखास रोखतो.

या सबंध परीक्षणात मला जे सांगायचे आहे ते इथे आले आहे. हातांनी केलेल्या उपचाराने स्नायू सैल होतात, वेदना काही दिवस दबते आणि हालचालीची कक्षा थोडी वाढते. त्या काही दिवसांत शरीराला नवी हालचाल शिकवली तर लाभ टिकतो, नाहीतर पुढच्या रपेटीत सारे पूर्ववत होते. उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ साली कंबरदुखीसाठी दिलेल्या मार्गदर्शनातही हस्तोपचार हा व्यायामासह द्यायच्या उपचारांचा एक भाग म्हणूनच सुचवला आहे, एकटा नव्हे. ज्या उपचारकाकडे रुग्णाला घरी करायला देण्यासारखे काही नाही, तो रुग्णाला पुन्हा पुन्हा येण्याची सवय तेवढी लावतो, आणि ही गोष्ट कोणत्याही एका पद्धतीपुरती मर्यादित नाही.

ऑस्टिओपॅथीचा, म्हणजे सांधे आणि स्नायू हातांनी हाताळून उपचार करण्याच्या पद्धतीचा, उगम अमेरिकेतला. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये तिची घोषणा केली आणि १८९२ मध्ये मिसूरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे पहिले विद्यालय काढले. अमेरिकेत डी.ओ. ही पदवी धारण करणारी व्यक्ती पूर्ण वैद्यकीय डॉक्टर असते, इतर बहुतेक देशांत ऑस्टिओपॅथ डॉक्टर नसतो, आणि नावापुढची अक्षरे सारखी असल्यामुळे हा घोटाळा फार होतो. भारतात हे लोक अजून कमी आहेत. बहुतेक परदेशात शिकलेले, तर काही इथलेच फिजिओथेरपिस्ट पुढचा अभ्यासक्रम करून या वाटेला लागलेले. मी ज्यांच्याकडे गेले ते दुसऱ्या प्रकारातले होते, आणि त्यांच्या हातांचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. त्यांनी केवळ कंबर पाहिली नाही. बरगड्या, श्वासपटल, खुबा आणि घोटा अशी सारी साखळी तपासली, आणि पडताना कधी काळी मुरगळलेला माझा उजवा घोटा पुरेसा वाकत नसल्यामुळे रिकिबीत टाच खाली जात नाही हे त्यांनीच प्रथम ओळखले. टाच खाली जात नसेल तर गुडघा वर सरकतो, स्वार पुढे कलतो आणि कंबर त्याची भरपाई करते. उस्ताद वर्षानुवर्षे ‘एडी नीचे’ म्हणून ओरडत होते त्याचे कारण अखेर घोट्यात सापडले. पण याच पद्धतीतला, डोक्याच्या कवटीवर अलगद बोटे ठेवून तिच्या आतली लय जाणण्याचा जो भाग आहे, तो मला पटला नाही. त्याला ठोस आधार नाही, आणि त्यात गेलेला वेळ घोट्याला मिळाला असता तर बरे झाले असते. शुल्क फिजिओथेरपीच्या दुपटीहून अधिक होते. साधे दुखणे असेल तर इतका खर्च करण्याचे कारण नाही. चांगली फिजिओथेरपी घेऊनही गाडे अडले असेल तर एकदा जरूर दाखवावे.

कायरोप्रॅक्टिकविषयी माझे मत सावध आहे. डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतील डेव्हनपोर्ट येथे हिचा आरंभ केला, आणि मणका जागचा हलल्याने रोग होतात, तो जागेवर बसवला की बरे होतात, ही तिची मूळ कल्पना. आजचे सुशिक्षित कायरोप्रॅक्टर ती शब्दशः मानतात असे नाही, परंतु मोबाइलवर ज्या चित्रफिती आपण पाहतो त्यांत तीच विकली जाते: मान किंवा कंबर झटक्यात पिळली, कडाड असा आवाज आला आणि रुग्णाच्या चेहऱ्यावर हसू. तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नव्हे; सांध्यातल्या द्रवावरचा दाब एकदम घटून तिथे वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज आहे, आणि बोटे मोडताना येतो तोच. कंबरेवरच्या अशा झटक्याने वेदना कमी होऊ शकते हे अभ्यासांनी मान्य केले आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या मार्गदर्शनातही औषधाविना करायच्या उपायांत त्याचा समावेश आहे. माझाही अनुभव त्याला धरूनच आला: दोन-तीन दिवस कंबर खरोखर मोकळी झाली, नंतर हळूहळू परत आखडली. मात्र पहिल्याच भेटीत मोठ्या संख्येच्या भेटींचे पॅकेज आगाऊ पैसे भरून घ्यायला सांगितले गेले, घोडेस्वारीबद्दल एकही प्रश्न आला नाही, आणि तक्रार कंबरेची असताना मानेला झटका देण्याची तयारी सुरू झाली. मानेच्या झटक्याने तिथल्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात होण्याचा धोका विरळा असला तरी ज्ञात आहे. मी मानेला नकार दिला, आणि नकार दिल्यावर समोरच्याची मुद्रा बदलली तेवढे पाहूनच मी पॅकेजचा विचार सोडला. रीतसर चार वर्षे शिकलेला कायरोप्रॅक्टर आणि आठवडाअखेरच्या कार्यशाळेतून प्रमाणपत्र आणलेला हाड मोडणारा, यांतला फरक आपल्याकडे सामान्य रुग्णाला फलकावरून कळत नाही.

ब्रिटनमध्ये राहून स्वारी करणाऱ्या मराठी वाचकांची स्थिती या बाबतीत बरी आहे. तिथे १९९३ आणि १९९४ च्या कायद्यांनुसार ऑस्टिओपॅथ आणि कायरोप्रॅक्टर यांची नोंदणी अनिवार्य असून नाव यादीत आहे का हे घरबसल्या पाहता येते. तिथे अलेक्झांडर तंत्राचे शिक्षकही सहज मिळतात. हे उपचार कमी आणि शिकवणी अधिक असते. शिक्षक हलक्या हाताने मान, पाठ आणि डोके यांचा तोल जाणवून देतो. कंबरदुखीच्या ५७९ रुग्णांवरची एक चाचणी २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली, आणि तीत या धड्यांचा लाभ वर्षभरानंतरही टिकलेला दिसला. घोड्यावरची बैठक हाच ज्याचा प्रश्न आहे त्याला हा मार्ग मनापासून सुचवावासा वाटतो. महाराष्ट्रात नोंदणीच्या दृष्टीने भक्कम आधार आहे तो फिजिओथेरपीला, कारण ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीसाठी इथे राज्य परिषद आहे. उपचारकाला नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये.

मालिशबद्दल घरोघरी मते तयार असतात, त्यामुळे थोडक्यात लिहिते. तालमीत शिकलेल्या मालिशवाल्याचा तळहात पैलवानांच्या अंगावर घडलेला असतो. मांड्यांच्या आतले स्नायू, जे स्वाराचे सर्वांत आधी भरून येतात, त्यांना अशा हाताने जो आराम मिळतो तो पंचतारांकित स्पामध्ये मिळत नाही. पण कंबरेवर पाय देऊन उभे राहण्याची त्यांची जी खास पद्धत आहे, तिला स्पष्ट नकार द्यावा. पंचकर्म केंद्रांतल्या कटिबस्तीत कंबरेवर उडदाच्या पिठाची पाळी बांधून तिच्यात कोमट औषधी तेल ओततात आणि निवत आले की बदलतात. अर्ध्या तासाने उठावे तेव्हा कंबर लोण्यासारखी झालेली असते. हिवाळ्यात, सलग दोन दिवसांच्या स्वारीनंतर मी ती अजूनही घेते, थकवा घालवण्यासाठी. तिने बैठक सुधारत नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. केंद्रात काम करणाऱ्या ताई उपचारापूर्वी कोणताही प्रश्न न विचारता थेट तेल गरम करायला घेत असतील, तर आपले जुने दुखणे, पडण्याचा इतिहास आणि रक्तदाब आपणच सांगावा.

हाडवैद्याकडे मी स्वतः गेले नाही, जाणारही नाही. घोड्यावरून पडलेल्या माणसाच्या मणक्याला भेग आहे की नाही हे क्ष-किरण चित्राशिवाय सांगता येत नाही, आणि ते न पाहता तिथे ओढाताण करणे याला परंपरेचा कितीही आदर असला तरी माझी तयारी नाही.

खर्चाचा हिशेब मांडायचा तर तो उपचारकांच्या पलीकडे न्यावा लागतो. रिकिबींचे पट्टे दोन्ही बाजूंना सारखे आहेत का, हे पहिल्यांदा मोजून पाहिले तेव्हा पागेतल्या खोगिराचा डावा पट्टा वापराने ताणून लांब झालेला आढळला. डावीकडूनच सारे चढतात, त्यामुळे हे बहुतेक पागांत होते. दर काही आठवड्यांनी पट्टे आलटून पालटून लावणे याला दमडी लागत नाही, आणि मोतद्दाराला सांगितले की तो करतो. चढण्यासाठी एक भक्कम लाकडी ठोकळा बनवून घेतला, त्याने माझ्या कंबरेचे आणि घोड्याच्या पाठीचे दोहोंचे भले झाले. कानपूरच्या कारागिरांकडून स्वतःच्या मापाचे खोगीर मागवणे परवडत असेल तर अवश्य मागवावे, परंतु ते ज्या घोड्यावर ठेवायचे त्याच्याही पाठीला बसले पाहिजे, आणि दर आठवड्याला वेगळा घोडा वाट्याला येणाऱ्या स्वाराला याचा फारसा उपयोग नाही.

सध्या माझी व्यवस्था अशी आहे: फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गरज भासेल तेव्हाच जाते, घोट्यासाठी वर्षातून कधीतरी ऑस्टिओपॅथ, आणि रोजचे व्यायाम घरी. नव्याने शोध घेणाऱ्याने वेळ ठरवण्याआधी दूरध्वनीवर एवढेच सांगून पाहावे की मी घोडेस्वारी करते, दुडकीत कंबर दुखते आणि मला स्वारी सोडायची नाही. ‘आधी स्वारी बंद करा, मग बघू’ एवढेच उत्तर आले तर दुसरीकडे चौकशी करावी. तिकडून उलट प्रश्न येऊ लागले तर वेळ घ्यावी. ती शक्यतो सोमवारची किंवा मंगळवारची घ्यावी. सांध्यांवर काम केल्यावर एक-दोन दिवस अंग ठणकते, आणि शुक्रवारी उपचार घेऊन शनिवारी पहाटे घोड्यावर बसले तर दुखते ते स्वारीने की उपचाराने, हे ना आपल्याला कळते ना पुढच्या भेटीत त्यांना सांगता येते.